चला कासवांच्या गावाला!

बालमित्रांनो, सुट्टी लागली, की आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोडोलीची मंडळी एक तर जोतिबा-पन्हाळ्याला जातात, नाही तर मामाच्या गावाला. समुद्र बघायचा म्हटला, तर गणपतीपुळे ठरलेलंच! पण जिथं गर्दी नाही, गोंगाट नाही, अशा समुद्रकाठच्या लहानशा गावात दोन दिवस नुसतं निवांत राहायला आवडेल का तुम्हाला? मग चला, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला!

वेळास आहे मंडणगड तालुक्यात. कोडोलीहून कराड, पाटण करत कुंभार्ली घाट उतरला, की चिपळूण येतं. तिथून खेड, मंडणगडमार्गे वेळास. पल्ला लांबचा आहे, म्हणून दोन मुक्काम तरी हवेतच. पेशवाईतले मुत्सद्दी नाना फडणवीस यांचं हे मूळ गाव. जवळच बाणकोटचा किल्ला आहे. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री नदी समुद्राला कशी मिळते, ते तिथून बघून घ्या.

इथं राहायचं ते गावकऱ्यांच्या घरीच. कौलारू घर, सारवलेलं अंगण, भोवती नारळी-पोफळी. जेवायला आमटी-भात, सोलकढी आणि नशीब असेल तर उकडीचे मोदक! दुपारी ओटीवर पडून गोष्टीचं पुस्तक वाचा. संध्याकाळी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर जा.

आता खरी गंमत सांगते. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या रात्री या किनाऱ्यावर येतात. वाळूत खड्डा करून शंभरएक अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि परत समुद्रात जातात. पूर्वी ही अंडी कोल्ही-कुत्री उकरून खायची, माणसंही पळवायची. मग 2002 साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं गावकऱ्यांच्या साथीनं संरक्षणाचं काम हाती घेतलं. किनाऱ्यावर कुंपण घालून त्यात तशाच खोलीचे खड्डे केले आणि सापडलेली अंडी त्यात जपून पुरली. पुढं पिल्लं बघायला पाहुणे येऊ लागले, गावातल्या घरांना त्यातून चार पैसे मिळू लागले. ज्या गावातून अंडी चोरीला जायची, तेच गाव आता त्यांची राखण करतं!

साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. नर की मादी, हे कशावर ठरतं, ठाऊक आहे? वाळूच्या उष्णतेवर! वाळू जास्त गरम असली, की माद्या जास्त. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सकाळ-संध्याकाळ खड्ड्यावरची टोपली उचलून बघतात. पिल्लं असली, तर ती पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात. तळहातावर मावेल एवढा तो जीव, पण लाटेनं मागं ढकललं तरी पुन्हा समुद्राकडेच धावतो! मोठी झालेली मादी अंडी घालायला पुन्हा आपल्या जन्मस्थळाच्या परिसरात येते, असं अभ्यासक सांगतात. 2022 साली वेळासला अशाच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं. तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'.

पण एक लक्षात ठेवा. पिल्लं उजेडाच्या दिशेनं जातात. रात्री समुद्रावरचं आकाश उजळ दिसतं, म्हणून त्यांना वाट सापडते. आपण बॅटरी लावली, की ती भलतीकडंच जातात. गलका केला, दिवे लावले, तर अंडी घालायला आलेली मादी तशीच परत फिरते. म्हणून दोरीच्या आत जायचं नाही, पिल्लाला हात लावायचा नाही, खाऊचे कागद किनाऱ्यावर टाकायचे नाहीत.

आणि पालकांनो, निघण्याआधी चौकशी करून राहण्याची सोय ठरवा. पिल्लं रोज निघतीलच असं नाही. एखादे वेळी टोपलीखाली नुसती वाळूच असते! मुलं हिरमुसली, तर त्यांना लाटा मोजायला बसवा. देवळात गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला आपण रोज नमस्कार करतो. इथं खऱ्या कासवासाठी दोन दिवस शांत बसायचं, एवढंच. जमेल ना?