आगेऱ्याची लोंबी

कोकणात नव्याच्या पौर्णिमेला आपण दारावर नवे बांधतो. भाताची लोंबी, नाचणीचे कणीस, वरी, कुरडूचे फूल, आंब्याचे पान. तसेच नवे चर्चच्या वेदीपाशी ठेवलेले पाहायचे असेल, तर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या सुमारास खाडीपलीकडे जाऊन या. त्या सणाला आगेरा म्हणतात. लॅटिनमध्ये 'आगेर' म्हणजे शेत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात.

मालाडहून बसने मार्वे गाठायचे आणि तेथून बोटीने मनोरी. दहा-पंधरा मिनिटांत मुंबईचा गलबला मागे पडतो. मनोरी, गोराई, उत्तन अशी गावे या पट्ट्यात आहेत. किनाऱ्याला कोळीवाडे, आत वाड्या आणि भाताची खाचरे. येथील बरेच लोक ईस्ट इंडियन ख्रिस्ती. नावाने बिचकू नका. हे नाव त्यांनी १८८७ च्या सुमारास घेतले. वाडवडील पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झाले, पण घरात मराठी बोली, म्हाताऱ्यांच्या अंगावर चौकड्यांचे लुगडे आणि ताटात तांदळाची भाकरी.

सकाळी चर्चपाशी पन्नास-साठ माणसे जमली होती. पुढे क्रूस, मागे बँडवाले, त्यांच्यामागे फादर आणि सगळे गाव. डांबरी रस्ता सोडून आम्ही बांधावर आलो. आदल्या रात्री सर पडून गेली होती, चपला हातात घ्याव्या लागल्या. शहरातून आलेल्या सुना पदर खोचून तोल सावरत चालत होत्या, पोरे पुढे पळत होती. मला मात्र एका गोष्टीचे नवल वाटले. डाव्या हाताला खाचरेच खाचरे, पण त्यांत नुसते गवत. थेट वाटेच्या टोकाला एकच खाचर पिवळे झालेले.

ते एका विधवा मावशींचे. हळवे भात होते, म्हणून आगेऱ्याच्या वेळी कापणीला आलेले. गरवे असते तर नोव्हेंबरपर्यंत थांबावे लागले असते. फादरांनी प्रार्थना म्हटली, पिकावर पवित्र पाणी शिंपडले आणि मावशींनी विळा घेऊन पहिली मूठ कापली. मग पेंढ्या बांधल्या, पोरींच्या डोक्यावर दिल्या आणि मंडळी वाजतगाजत परतली.

मी मागे रेंगाळलो. "मावशी, परवडते का हो?" असे विचारले. शेतकऱ्याने शेतकऱ्याला विचारावे तसे.

"कुठचे परवडते बाबा! लावणीची मजुरी धरली तर तांदूळ बाजारातून स्वस्त पडतो. पोरगा दरवर्षी म्हणतो, ठेव पडीक."

"मग?"

"आणि लोंबी कुठून आणायची? मोटारीतून?"

हा टोमणा नव्हता. मुंबईच्या पोटात गेलेल्या कित्येक गावठाणांत आता एकही खाचर उरलेले नाही. तेथे आगेऱ्याला लोंब्या बाहेरगावाहून आणाव्या लागतात. येथे निदान चालत जाऊन कापता येतात. पण शेजारची खाचरे पडली की खाडीकडच्या बांधाची डागडुजी कोणी करीत नाही, आणि बांध फुटून खारे पाणी आत शिरले की मावशींचे खाचरही जाईल. एकटीने बांध राखता येत नाही, हे खारजमीन कसणाऱ्याला सांगायला नको. त्यांच्या बांधाला यंदा दोन ठिकाणी खेकड्यांची बिळे होती. मी दाखवली, तर म्हणाल्या, "पाहिली आहेत. पोरगा रविवारी माती टाकतो म्हणालाय." आज रविवारच होता. पोरगा पुढे बँडबरोबर होता.

मिस्सानंतर घराघराला लोंब्या वाटल्या. मावशींनी चार मलाही दिल्या. त्या सदऱ्याच्या खिशात उभ्या ठेवून मी बोटीत चढलो. पौर्णिमेला आमच्या घरात नवे बांधताना सौभाग्यवतींनी त्यांतली एक आंब्याच्या पानात गुंडाळली. उरलेल्या तीन मी बियाण्याच्या मडक्यात ठेवल्या आहेत.