कासवीची नजर

तात्यांच्या मेंदूत डावीकडे गुठळी झाली आणि उजव्या हाताबरोबर वाचाही गेली. शिर्डी-राहाता पट्ट्यात पेरूच्या बागा सांभाळण्यात जन्म गेलेला माणूस; भाव ठरवताना त्यांचा आवाज चार गाळ्यांपलीकडे जायचा. आता पाणी हवं असलं तरी ‘ते... ते...’ एवढंच. १८६१ साली पॅरिसजवळ पॉल ब्रोका या डॉक्टरांनी असाच एक रुग्ण तपासला होता. त्याच्या तोंडून ‘तान’ याखेरीज फारसं काही निघत नसे, पण ऐकलेलं बहुतेक सारं कळे. तात्यांनाही कळतं. म्हणून तर डोळे भरून येतात.

आणि दुपारी बाराची आरती सुरू झाली की हेच तात्या ओळीमागून ओळ म्हणतात! एक शब्द अडत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरातून धावत आले. वाटलं, वाचा परतली. आरती संपली, पुन्हा ‘ते... ते...’. स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, पाठ असलेलं, सुरातलं निराळ्या वाटेने येतं, मेंदूची उजवी बाजू त्याला हात देते. मनातलं सांगायची वाट वेगळी. ती रोज थोडी थोडी मोकळी करायची. म्हणून आम्ही ‘पाणी’ सुरात म्हणतो, दोन ठोक्यांत. तात्या डाव्या हाताने मांडीवर ठेका धरतात.

मॅडमचं दुसरं सांगणं मला जड गेलं : त्यांचा शब्द तुम्ही पुरा करू नका. मी तर मायेपोटी दिवसभर तेच करत होते.

साईसच्चरितात राधाबाई देशमुख मंत्रासाठी उपाशी बसते. साईबाबा तिला सांगतात, माझ्या गुरूंनी कानात मंत्र फुंकलाच नाही. निष्ठा आणि सबुरी, एवढे दोन पैसे मागितले. कासवी नदीच्या एका तीरावर, पिलं दुसऱ्यावर. ती नुसत्या नजरेने त्यांना पोसते, तसं गुरूंनी मला पोसलं. ‘सबुरी’ मी लहानपणापासून इथल्या भिंतीभिंतीवर वाचत आले. ती ओठ मिटून, समोर बसून करायची असते, हे तात्यांच्या खाटेशी कळलं.

काल संध्याकाळी पेरूच्या फोडी पुढे ठेवल्या. तात्यांनी ताटलीकडे बोट केलं. ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. माझ्या जिभेवर ‘पेरू’ आलाच होता, तो गिळला. मनात एकवीसपर्यंत मोजलं.

तात्या म्हणाले, ‘मीठ.’