हात सैल, हिशोब पक्का : कार्डिगनच्या टाक्यांचं गणित



आज थोडा वेगळा विषय घेते आहे. विषय आहे लोकरीच्या विणकामाचा, पण त्यात सहावीचं गुणोत्तर-प्रमाणही आहे आणि दुसरीची वीतही आहे. ज्यांना विणकाम येतं त्यांना हे थेट उपयोगी पडेल. ज्यांना येत नाही त्यांना निदान वर्गात सांगायला एक चांगलं उदाहरण मिळेल.

कार्डिगन म्हणजे पुढून उघडणारा, बटणांचा स्वेटर. क्रिमियाच्या युद्धात लढलेल्या लॉर्ड कार्डिगन या इंग्रज सरदारावरून त्याला हे नाव पडलं. आपल्याकडे मात्र तो घराघरात आजी-आत्याच्या अंगावर दिसतो. डोक्यातून घालावा लागत नाही, हीच त्याची मोठी सोय.

मला कार्डिगनच विणायचा होता, त्याला कारण होतं. गेल्या वर्षी सासूबाईंच्या खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण हात अजून खांद्याच्या वर जात नाही. डोक्यातून घालायचा स्वेटर त्यांना जमत नाही. बाजारातून दोन आणून पाहिले. एकाची बाही चढवताना खांदा ओढला जायचा, दुसरा एवढा ढगळ की खांद्यावरून घसरायचा आणि तो वर ओढायला पुन्हा तोच दुखरा हात लागायचा. आमचा निफाडचा भाग. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंडी कशी असते ते इकडच्या लोकांना सांगायला नको. तेव्हा माप अगदी बरोबर बसेल असा, मऊ आणि पुढून उघडणारा स्वेटर हवा होता.

आधी तुकडा, मग स्वेटर

इंग्रजी नमुन्यात सुरुवातीलाच एक ओळ असते, तिचं नाव 'टेन्शन'. आपण बोलताना म्हणतो ते टेन्शन नव्हे! धागा किती ताणून धरून आपण विणतो, म्हणजेच दहा सेंटिमीटरमध्ये आपले किती टाके आणि किती ओळी बसतात, ते तिथे दिलेलं असतं. आपल्याकडच्या बायका याला साध्या शब्दांत 'हात सैल' किंवा 'हात घट्ट' म्हणतात.

माझ्या नमुन्यात लिहिलं होतं : ८ नंबरची सुई, १० सें.मी. मध्ये २२ टाके आणि २८ ओळी. (आपल्याकडे सुयांचे नंबर उलटे चालतात. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मि.मी., १० नंबर म्हणजे ३.२५ मि.मी.)

मी ३० टाके घालून ४० ओळींचा तुकडा विणला. कोमट पाण्यात धुतला, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढलं आणि सपाट जागेवर वाळवला. हे धुणं टाळू नका. लोकर धुतल्यावर फुलते, सैलावते आणि माप बदलतं. मग तुकडा न ताणता, कडा सोडून, मधल्या भागात पट्टी ठेवून टाके मोजले. आले २० टाके आणि २६ ओळी. म्हणजे माझा हात सैल.

दोन टाक्यांनी काय बिघडतं, असं वाटेल. हिशोब करून बघू. नमुन्यात पाठीला ११० टाके आणि पुढच्या दोन भागांना ५४-५४. एकूण २१८.

नमुन्याच्या हाताने : २१८ ÷ २.२ = ९९ सें.मी.
माझ्या हाताने : २१८ ÷ २.० = १०९ सें.मी.

त्यात बटणपट्टीचे ३ सें.मी. मिळवले की १०२ च्या जागी ११२. सासूबाईंच्या छातीचं माप ९२. त्यांना १०२ चा कार्डिगन छान मोकळा बसतो, ११२ चा खांद्यावरून घसरतो. एवढंच काय, अर्धा टाका जरी चुकला, २२ ऐवजी साडेएकवीस आले, तरी एवढ्या टाक्यांत दोन सें.मी. पेक्षा जास्त फरक पडतो. म्हणून मोजताना अर्धा टाकासुद्धा सोडायचा नाही.

सुई बदलावी का?

पहिला उपाय सगळे हाच सांगतात, आणि तो बरोबरच आहे. हात सैल असेल तर बारीक सुई घ्यावी, घट्ट असेल तर जाड. मी ९ नंबरवर तुकडा विणला, २१ टाके आले. १० नंबरवर बरोबर २२ आले. पण तो तुकडा हातात घेतला तर पुठ्ठ्यासारखा कडक. माप जुळलं, पण मऊपणा गेला. दुखऱ्या खांद्यावर असलं कडक कापड नको होतं. ८ नंबरचा तुकडा मात्र छान लवचीक होता.

काहीजणी म्हणतात, "अगं, जरा घट्ट विण की!" हे करू नये. मुद्दाम ओढून धरलेला हात पहिल्या दहा-पंधरा ओळी घट्ट राहतो, गप्पा सुरू झाल्या की पुन्हा मूळपदावर येतो. मग खाली अरुंद आणि वर रुंद असं कापड तयार होतं, शिवाय बोटं दुखतात ती वेगळीच.

म्हणून मी ठरवलं, हात आहे तसा ठेवायचा आणि आकडे बदलायचे.

वितीचा धडा

दुसरीच्या वर्गात आपण वितीने बाक मोजायला लावतो, आठवतं ना? कोणाच्या अकरा विती भरतात, कोणाच्या बारा. मुलं भांडतात, "माझंच बरोबर!" मग आपण सांगतो, बाळांनो, बाक तेवढाच आहे, वीत प्रत्येकाची वेगळी.

टाका म्हणजे विणणारीची वीतच. नमुन्यातले ११० टाके ही नमुना लिहिणारीची वीत. खरं माप आहे पाठीचे ५० सें.मी. ते बदलत नाही. मला फक्त एवढंच काढायचं होतं, की ५० सें.मी. ला माझ्या किती विती लागतील. २.० × ५० = १०० टाके.

हाच हिशोब सहावीच्या फळ्यावर एकमान पद्धतीने मांडला. नमुन्याच्या २२ टाक्यांना माझे २०, म्हणून १ टाक्याला २०/२२, म्हणजे १०/११. आता नमुन्यातला कोणताही आकडा घ्या, १० ने गुणा, ११ ने भागा. मुलांनी पटापट उत्तरं काढली. एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग पुस्तकातलं चुकीचं आहे का?" मी म्हटलं, "नाही गं. पुस्तकातलं त्यांच्या हातासाठी बरोबर आहे." ती म्हणाली, "मग तुमचा हात चुकीचा?" सगळा वर्ग हसला. तोही चुकीचा नाही, हे मुलांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. पण आलं, तेव्हा मला वाटलं की आजचा तास कारणी लागला.

प्रत्यक्ष बदल असे केले

पाठ : ११० ऐवजी १०० टाके.

पुढचे भाग : ५४ × १० ÷ ११ = ४९.०९, म्हणून ४९ टाके.

मुंढा : नमुन्यात पाठीचे दोन्ही बाजूंना १२-१२ टाके कमी होऊन ८६ उरतात. माझे ११-११ कमी करून ७८ उरले. त्यातले खांद्याला २४-२४ आणि गळ्याला ३०. इथे एक काळजी घ्यायची, पुढच्या आणि मागच्या खांद्याचे टाके सारखेच हवेत, नाहीतर जोडताना चुण्या पडतात. पुढे माझे ४९ मधून ११ गेले, ३८ उरले. २४ खांदा, १४ गळा. जुळलं.

ओळींचं काय? जिथे नमुन्यात 'इतके सें.मी. होईपर्यंत विणा' असं असतं, तिथे काही करावं लागत नाही. पट्टी लावायची आणि विणत राहायचं. अडचण येते ती जिथे ओळी मोजायला सांगतात तिथे, म्हणजे बाहीत आणि काजांत.

बाहीला नमुना म्हणतो : ५० टाके घाला, दर सहाव्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवा, असं १५ वेळा, एकूण ८०. म्हणजे ९० ओळी. त्यांच्या हाताने ३२ सें.मी., माझ्या हाताने साडेचौतीस. बाही बोटांवर आली असती. म्हणून मी ३२ सें.मी. च्या माझ्या ओळी काढल्या : ३२ × २.६ = ८३. मनगटाला ४६ टाके, दंडाला ७२. फरक २६, प्रत्येक वेळी २ वाढतात, म्हणून १३ वेळा. दर सहाव्या ओळीला १३ वेळा म्हणजे ७८ ओळी, उरलेल्या ५ साध्या. सोपं झालं.

काजं सात. नमुन्यात दर २४ व्या ओळीला एक. माझ्या ओळी उंच, त्यामुळे सातवं काज गळ्याच्या वर गेलं असतं! पट्टीची लांबी ५४ सें.मी. खाली-वर दीड-दीड सोडले, उरले ५१. सात काजांमध्ये जागा सहा, म्हणून साडेआठ सें.मी. वर एक काज, म्हणजे माझ्या २२ ओळी. बटणं जरा मोठी घेतली, सासूबाईंना एका हाताने लावता येतील अशी.

आणखी दोन-तीन गोष्टी

हात घट्ट असेल तर हिशोब उलटा. समजा २२ ऐवजी २४ टाके आले, तर ११० × २४ ÷ २२ = १२० टाके घालावे लागतील.

नक्षी असेल तर नक्षीच्या टाक्यांचा मेळ बघा. सहा टाक्यांची नक्षी आणि कडेला दोन, असं असेल तर १०० बसत नाहीत. ९८ किंवा १०४ घ्यावे लागतात. कोणते घ्यायचे ते अंगाच्या मापावरून ठरवा.

गणित नकोच वाटत असेल, तर त्याच नमुन्यातल्या लहान मापाकडे बघा. पाठीला १०० च्या आसपास टाके असलेलं माप सापडलं तर टाके त्याचे घ्या, लांबी मात्र आपल्या मापाची ठेवा.

आणि लोकर एकदम घ्या, गुंड्यांवरचा रंगाचा लॉट नंबर एकच आहे ना ते पाहून. मागाहून आणलेल्या गुंड्याचा रंग उन्हात वेगळा दिसतो.

सासूबाईंनी कार्डिगन घालून पाहिला तेव्हा आधी दुखरा हात बाहीत सरकवला, मग दुसरा, आणि बटणं स्वतःच लावली. खांद्याला हात लावून म्हणाल्या, "ओढत नाही गं कुठं." एवढंच. मला तेवढंच हवं होतं.

वर्गात आपल्या हातातही एक नमुना असतोच. या महिन्यात इतके पाठ, या आठवड्यात इतकी उदाहरणं. तो आखणाऱ्याच्या हाताचा हिशोब आहे. आपल्या वर्गातली मुलं दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके विणतात, ते आपल्यालाच मोजावं लागतं. कोणाला भागाकार तीन दिवसांत येतो, कोणाला नऊ. मुलाला भागाकार यायला हवा, हे माप आहे. दिवस म्हणजे नुसते टाके. माप सोडू नका, टाके मात्र बिनधास्त बदला. आणि बदललेले आकडे पेन्सिलने नमुन्याच्या कडेला लिहून ठेवा, पुढच्या हिवाळ्यात कामाला येतात.