टंबोन, पागोश आणि बंपर

मराठी वर्गाच्या बाईंनी सांगितलं की, ज्यातलं तुम्हाला खरोखर कळतं त्यावर लिहा. मला गाडीचा पत्रा आणि रंग कळतो. भायखळ्याच्या एका गॅरेजात मी पोरवयात हे काम शिकलो, १९७१ साली इस्राएलला आलो आणि पुढे जन्मभर बेरशेबात तेच केलं. म्हणून बंपरवर लिहितो.

इथल्या मुसाखमध्ये बंपरला टंबोन म्हणतात. शाळेत मुलं पागोश हा शुद्ध हिब्रू शब्द शिकतात. मुंबईत आम्ही बंपरच म्हणायचो, आणि तेव्हा तो लोखंडी असायचा, वर क्रोमचा मुलामा. चेपला तर काढायचा, ठोकून सरळ करायचा, पुन्हा मुलामा द्यायचा. इथे आलो तेव्हा रस्त्यावर हैफाच्या कारखान्यातल्या सुसिता दिसत. त्यांची बॉडी फायबरग्लासची. उंट ती खातात असा विनोद तेव्हा सगळीकडे चालायचा. त्याच कारखान्याने १९६१ साली साब्रा नावाची स्पोर्ट्स गाडीही काढली होती, तीसुद्धा फायबरग्लासची.

मग प्लॅस्टिक आलं. अमेरिकेत १९७३ च्या गाड्यांसाठी नियम झाला की ताशी ५ मैलांच्या, म्हणजे सुमारे ८ किलोमीटरच्या धडकेत पुढचे दिवे वगैरे शाबूत राहिले पाहिजेत. बंपर जाड आणि बोजड झाले. ते बरे दिसावेत म्हणून हळूहळू सगळीकडे वरून प्लॅस्टिकचं आवरण आलं. आज आपण ज्याला बंपर म्हणतो ती खरं तर उशीची खोळ आहे. धडक झेलतो तो आतला आडवा दांडा. पुष्कळ गाड्यांत दोघांच्या मध्ये फोमही असतो.

हे सगळं आठवायचं कारण माझी नात. लष्करातून सुटल्यावर तिने साठवलेल्या पैशांतून एक जुनी लाल माझदा एमएक्स-५ घेतली. दोन माणसांची, उघड्या छताची, झाकण उघडून वर येणाऱ्या दिव्यांची. ही गाडी १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली गेली. नातीची १९९४ ची. इथे तीस वर्षं झालेल्या गाडीला संग्राहकांची गाडी म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, म्हणून ती फारच खूश. नेगेवच्या उन्हाने दोन्ही बंपरांचा रंग गुलाबी पडला होता, पुढच्याला तडे होते, मागचा एका कोपऱ्यात फाटला होता.

ती म्हणाली, "आजोबा, दोन्ही काढून टाकू. नवे परदेशातून मागवते."

मी म्हटलं, "मागव. पण आधी खोळ काढून आत बघू."

खोळ काढणं एकट्याचं काम नाही. चाकाच्या कमानीतले आणि खालचे स्क्रू सोडवले की दोघांनी दोन टोकं धरून सारखीच पुढे ओढायची. एक बाजू आधी ओढली तर दुसरीकडची पकड तुटते. पुढची खोळ निघाली आणि आम्ही दोघंही गप्प झालो. आतला दांडा डावीकडे आत वाकलेला होता. त्याला धरणारा ब्रॅकेट चेपलेला, आणि एका बोल्टच्या जागी चक्क तार गुंडाळलेली. कुणीतरी गाडी ठोकली होती आणि वरून रंग मारून दिला होता. नात हीच गाडी घेऊन रोज ४० नंबरच्या रस्त्याने कामाला जाणार होती.

त्या दिवशी बंपरच्या रंगाचं नाव कुणी काढलं नाही. टेप घेऊन आम्ही बॉनेटखाली कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं घेतली. दोन्ही मापं सारखी आली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तरी माझ्या डोळ्यांवर आता माझाच पूर्ण भरवसा नाही, म्हणून गाडी मापाच्या बाकावर तपासून घेतली. सांगाडा सरळ होता. दांडा आणि ब्रॅकेट एका मोडीत काढलेल्या गाडीचे मिळाले. दांडा दोरी ताणून पाहिला, मगच बसवला. बोल्ट मात्र नवे घेतले.

मग खोळींकडे वळलो. नातीला शिकवलं ते इथे लिहितो.

पहिली गोष्ट, खोळीची आतली बाजू पुसून ठसा शोधायचा. प्लॅस्टिक कोणतं ते तिथे लिहिलेलं असतं. आजच्या बहुतेक गाड्यांवर पी.पी. असतं. ते गरम केल्यावर मऊ होतं, फाटलं तर तापवून सांधता येतं. आमच्या खोळीवर पी.यू.आर. होतं, म्हणजे पॉलीयुरेथेन. ते वितळत नाही, करपतं. ते डकवावं लागतं. ठसा पुसला गेला असेल तर आतल्या कोपऱ्यात थोडं घासून बघायचं. पी.पी.चे केसासारखे तंतू निघतात, पी.यू.आर.ची पूड पडते.

दुसरी गोष्ट, काय ठेवायचं आणि काय टाकायचं. आमच्या पुढच्या खोळीचे बोल्ट बसायचे कान फाटले होते आणि वाकवलं की नवे तडे जात होते. अशी खोळ दुरुस्त केली तरी महामार्गावरच्या वाऱ्याला टिकत नाही. ती बदलली. नवी आली तेव्हा रंग न लावता आधी गाडीवर लावून पाहिली, कारण दुसऱ्या कारखान्याच्या खोळीच्या फटी क्वचितच जुळतात. रंगवल्यावर परत पाठवता येत नाही. मागची खोळ मात्र अजून लवचीक होती. ती ठेवली.

तिसरी, दुरुस्ती. आधी साबण-पाणी, मग तेल-मेण काढणारं द्रव, त्यानंतरच पॉलिश पेपर. उलट केलं तर मेण घासून आत जातं. रंग उतरवायचं तीव्र रसायन पी.यू.आर.ला लावायचं नाही, ते शोषून फुगतं. फाटल्या जागी बाहेरून व्ही आकाराची खाच केली, आतून काचतंतूची जाळी, आणि दोन भागांचा लवचीक चिकट लेप. पत्र्यावरची नेहमीची लांबी इथे चालत नाही. ती कडक असते, खोळ वाकली की तडकते. मग १८०, ३२० आणि ४०० नंबरचा कागद, आणि अस्तर.

लांबी, अस्तर, खाच, खोळ. हे शब्द नातीने वर्गाच्या वहीत लिहून घेतले. अस्तर तिला ठाऊक होतं, आजीच्या ब्लाउजचं!

रंग मी मारला नाही, तिलाही मारू दिला नाही. दोन भागांच्या रंगातली वाफ छातीला फार वाईट. आमच्या काळी आम्ही तोंडाला रुमाल बांधायचो. रुमालाने धूळ अडते, वाफ अडत नाही. माझ्या बरोबरीच्या काही रंगाऱ्यांनी त्याची किंमत मोजली. म्हणून रंगाचं काम बंद खोलीच्या, हवेच्या मुखवट्याच्या मुसाखला दिलं. एवढंच सांगितलं की रंगात लवचीकपणाचं द्रव घाला, आणि छटा कंपनीच्या कागदावरून नको, आज गाडीच्या दारावर आहे तिच्याशी जुळवा.

माझदा कंपनीनेही २०१७ साली जपानमध्ये या गाडीच्या पहिल्या पिढीसाठी दुरुस्तीची सेवा जाहीर केली, छताच्या कापडासारखे काही जुने भाग पुन्हा बनवायचं ठरवलं. म्हणजे जुनं जपण्याचा नाद आम्हा दोघांनाच नाही.

गेल्या आठवड्यात शेजारच्या बाई त्यांची गाडी दाखवायला आल्या. दुकानाच्या खांबाला घासली होती, नुसता ओरखडा. कितीचा रंग लागेल, विचारत होत्या. मी उत्तर देणार तेवढ्यात नात हातात टॉर्च घेऊन जमिनीवर बसली आणि गाडीखाली वाकून म्हणाली, "रंगाचं नंतर बघू. आजोबा, आधी आतला दांडा."