आधी ण की ल?

शिक्षकांच्या कार्यशाळेत सुरुवातीलाच मी एक काम देते. पहिलीच्या मुलांना आरंभी शिकवायची सहा अक्षरं निवडा, सोबत काना आणि दुसरी वेलांटी घ्या, आणि त्यांतून होतील तेवढे शब्द लिहा. शब्द मुलांच्या तोंडातला हवा, ही एकच अट. काही गट सवयीने क ख ग घ ङ पासून निघतात आणि काका, काकी, खा, गा एवढ्यावर अडकतात. ङ तर नुसता जागा अडवून बसतो. त्याने सुरू होणारा शब्दच मराठीत नाही. शेजारच्या गटाने क, म, न, र, त घेतलेले असतात. त्यांच्या कागदावर नाक, कान, मान, रान, मका, ताक, रात, तीन, मामा, मामी अशी रांग लागते, आणि पहिला गट माना वळवून तिकडे बघू लागतो.

आपली वर्णमाला कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांनुसार लावलेली आहे. व्याकरणकाराची ती फार देखणी व्यवस्था आहे. पण सहा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवायचा क्रम ठरवताना ती कामाला येत नाही. तिथे दुसरे प्रश्न असतात: या अक्षरांतून किती शब्द होतात, आकार एकमेकांशी घोटाळा करतात का, आणि वर्गातली मुलं घरी काय बोलतात.

खरी गंमत सहाव्या अक्षरावरून होते. धुळे जिल्ह्यातल्या शिक्षकांमध्ये हा वाद रंगला होता. एका सरांना ण हवा होता, कारण आ सोबत घेतला की ‘आण’ मिळतं, म्हणजे क्रियापद हाताशी येतं. समोरच्या मॅडम म्हणाल्या, “सर, आमची पोरं ‘पानी आन’ म्हणतात. न आणि ण एका दमात दिले तर त्यांनी कोणता कुठे लिहायचा?” मग ल आला. ‘आला’, ‘आली’ झालं, क्रियापदही मिळालं. ण मागे गेला, आणि त्याच्याबरोबर ळचाही विषय निघाला. अहिराणी बोलणाऱ्या घरात डोळ्याला डोया म्हणतात, काळ्याला काया. जो ध्वनी मुलाच्या कानावर घरी पडत नाही, त्याचं अक्षर फळ्यावर लिहिण्याआधी तो गाण्यांतून, गप्पांतून पुष्कळ ऐकवावा लागतो. साताऱ्याकडे ळ लवकर घेतला तरी चालेल, इथे नाही. हा निर्णय पुण्यात बसून कोण घेणार? पाठ्यपुस्तकाला सगळ्या राज्यासाठी एकच क्रम धरावा लागतो. त्यात बालभारतीचा दोष नाही. तो क्रम आपल्या वर्गापुरता हलवण्याची अक्कल आणि हिंमत शिक्षकाकडे असावी, एवढंच माझं म्हणणं आहे. अक्कल असते. हिंमतीचं सांगते पुढे.

ही वाट नवी नाही. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीचा भाषाशास्त्रीय अभ्यास केला आणि पुढे तिथल्याच मुलांना वाचायला शिकवण्याची पद्धत बांधली. 1984 साली उभी राहिलेली प्रगत शिक्षण संस्था त्यातूनच आली. आधी कान देऊन ऐकलं, मग अक्षरांचा क्रम लावला. आपल्या प्रशिक्षणांत हे उलटं होतं.

अक्षरं ठरली की मी शिक्षकांना त्यांतच मावेल असा मजकूर लिहायला लावते. इथे घाम फुटतो. आधी ‘मामा आला. मामी आली.’ असं काहीतरी येतं. वाचता येतं, पण कशाला वाचायचं? एका गटात बराच वेळ खाडाखोड चालली होती. शेवटी त्यांनी कागद पुढे केला: ‘काकी रानात. मनी आली. मनी ताकात!’ सभागृह हसलं. सहा अक्षरं, आ, दोन चिन्हं, आणि तरी त्यात मांजर आहे, चोरी आहे, आणि काकी परत आल्यावर काय होईल ही उत्सुकता आहे. बिनकाना-मात्रेच्या शब्दांची निर्जीव वाक्यं पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतल्यानंतर हे तीन ओळींचं पान मला फार मोलाचं वाटतं.

जोडाक्षरांचा मात्र वेगळा न्याय. ती दुसरीत शिकवायची, असा पूर्वापार रिवाज आहे. पण हजेरीपट उघडा: आर्यन, श्रेया, प्रणव, स्वरा. मूल पहिल्या दिवशी जो शब्द ओळखायला उत्सुक असतं, त्यातच जोडाक्षर आहे. तेव्हा नावाची चिठ्ठी पहिल्या दिवशीच हातात द्यावी. चित्रासारखी ओळखू दे. फोड नंतर करता येते.

आणि एवढ्याने भागत नाही. सहा अक्षरांच्या मजकुरावर मुलाची भाषा पोसत नाही. त्यासाठी रोज चांगलं पुस्तक वाचून दाखवावं लागतं. शिक्षक पुस्तक निवडतात ते तात्पर्य बघून. ‘गोष्टीतून काय बोध मिळतो?’ या प्रश्नावर मी कार्यशाळेपुरती बंदी घालते. काही जणांना त्यानंतर काय विचारावं हेच सुचत नाही.

आता हिंमतीचं. राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तालुक्याकडून शाळांच्या केंद्राला, अशी प्रशिक्षणं उतरत येतात. शाळेपर्यंत पोचते ती पीपीटी. त्यामागची चर्चा वरच्या पायऱ्यांवर सांडलेली असते. दुसरं, 2005 पासून ‘असर’ या शैक्षणिक पाहणीने वाचनाचे अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे टप्पे सगळ्यांच्या ओळखीचे केले. ती पाहणी गरजेची होती आणि आहे. पण शाळांनी मोजण्याचे टप्पे शिकवण्याचे टप्पे करून टाकले: या महिन्यात अक्षरं, पुढच्या महिन्यात शब्द, गोष्ट दिवाळीनंतर. शिंप्याने टेपच कापून सदरा शिवावा, तसं हे झालं. 2021 मध्ये ‘निपुण भारत’ अभियान आलं, पायाभूत साक्षरतेचं तिसरीअखेरचं लक्ष्य ठरलं, आणि तक्ते आणखी वाढले. अशा वातावरणात ळ मागे ठेवणाऱ्या मॅडमना पहिला प्रश्न पडतो तो, “तपासणीला साहेब आले आणि अभ्यासक्रम मागे का म्हणाले तर?”

म्हणून आता मी शिक्षकांबरोबर केंद्रप्रमुखांनाही त्याच टेबलावर बसवते आणि तीच सहा अक्षरं निवडायला लावते. ण की ल या वादात स्वतः पडलेला केंद्रप्रमुख वर्गात गेल्यावर किती पाठ झाले हे विचारत नाही. हा क्रम का, असं विचारतो. शिक्षकाला त्याचं उत्तर देता येतं.

एक अडचण उरते, बदलीची. मॅडम दुसऱ्या तालुक्यात जातात आणि त्यांनी लावलेला क्रम, लिहिलेला मजकूर, कोणत्या मुलाला कुठे अडलं याच्या खुणा, सगळं पिशवीतून त्यांच्याबरोबर जातं. त्यावर आम्ही एक साधी वही सुरू केली आहे. डाव्या पानावर अक्षरगट आणि मजकूर, उजव्या पानावर वर्गात काय झालं ते आणि काय बदललं ते. वही शाळेच्या कपाटात राहते, मुख्याध्यापकांच्या ताब्यात. नव्या शिक्षकाने ती तशीच चालवलीच पाहिजे असं नाही. क्रम बदलला तर कारण उजव्या पानावर लिहायचं.