जुना देह, नवे काळीज

दार्जिलिंगला जाणारा प्रवासी टायगर हिलवरचा सूर्योदय पाहतो, चहाचे मळे पाहतो, छोट्या आगगाडीतून घूमपर्यंत फेरी मारतो आणि परत फिरतो. आपल्या हाती दोन दिवस अधिक असतील, तर घूमवरून सुखियापोखरीमार्गे मानेभंज्यांगला अवश्य जावे. नेपाळी भाषेत भंज्यांग म्हणजे खिंड. भारत आणि नेपाळ यांच्या सीमेवर वसलेले हे लहानसे गाव सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे. येथून सिंगालीला पर्वतराजीवरून सांदकफूची वाट निघते. सांदकफू हे पश्चिम बंगालमधील सर्वांत उंच ठिकाण. उंची ३,६३६ मीटर. सुमारे ३१ किलोमीटरांच्या अंतरात दीड हजार मीटरांहून अधिक चढावयाचे!

माथ्यावरून कांचनजंगा आणि एव्हरेस्ट ही दोन्ही शिखरे दिसतात, म्हणून ही वाट प्रसिद्ध आहे. परंतु तिची दुसरीही एक कीर्ती आहे. ती येथे अनेक दशके धावत आलेल्या जुन्या लँड रोव्हर गाड्यांची. इंग्रज मळेवाल्यांच्या काळी या डोंगरात आलेल्या या गाड्या पुढे स्थानिक चालकांच्या हाती आल्या आणि धान्य, रॉकेल, आजारी माणसे व प्रवासी वाहून नेऊ लागल्या. २०१८ साली, लँड रोव्हरच्या सत्तराव्या वर्षी, खुद्द कंपनीने या गावावर एक छोटा चित्रपट काढला.

साठ-साठ वर्षे या गाड्या टिकल्या कशा? उत्तराचा एक भाग त्यांच्या जन्मात आहे. १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम लोकांपुढे आली, तेव्हा महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती. म्हणून गाडीचे बाह्यांग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले गेले. सततच्या धुक्यापावसात त्याला लोखंडासारखा गंज चढला नाही. शिवाय गाडी आखूड, म्हणून अवघड वळणावर सहज फिरणारी. चारही चाकांना जोर देणारी. आणि चढासाठी सावकाश पण नेटाने ओढणारे वेगळे गिअर असलेली. ही वाट दगडगोट्यांची होती, तेव्हा तिला हेच हवे होते.

परंतु देह टिकला, तरी काळीज झिजतेच. पहिल्या गाड्यांत १.६ लिटरचे, नंतर दोन लिटरचे पेट्रोल इंजिन असे. वर्षानुवर्षांच्या चढाने सिलिंडर झिजले, झडपा जळल्या आणि सुटे भाग मिळेनासे झाले. त्यात उंचीने आणखी एक अडचण घातली. पेट्रोल इंजिनात कार्ब्युरेटर हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करतो. साधारणतः पंधरा भार हवेस एक भार पेट्रोल असे ते प्रमाण. सांदकफूला हवेची घनता समुद्रकाठच्या सुमारे सत्तर टक्केच उरते. खाली जुळवून ठेवलेला कार्ब्युरेटर तेथे हवेच्या मानाने अधिक पेट्रोल सोडतो. चुलीत लाकडे कोंबावी आणि वारा मिळू नये, म्हणजे जसा नुसता धूर होतो, तसेच हे. प्लग काजळतात, गाडी अडखळते. यावर जाणता मिस्त्री कार्ब्युरेटरमध्ये बारीक छिद्राचे जेट बसवतो. मिश्रण सुधारते, मात्र विरळ हवेमुळे गेलेला जोर परत येत नाही.

म्हणून बऱ्याच मालकांनी मूळ इंजिनच उतरवले आणि त्याजागी डिझेल इंजिन बसवले. पुष्कळ गाड्यांत ते मुंबईच्या महिंद्रा कंपनीचे आहे. डिझेल इंजिनाला कार्ब्युरेटर नाही, प्लगही नाहीत. हवा दाबून इतकी तापवली जाते की आत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. विरळ हवेचा जाच त्यालाही होतो. पण कमी फेऱ्यांवर त्याची ओढ चांगली, इंधन स्वस्त आणि सुटे भाग देशातच मिळणारे.

हे काम वाटते तितके सोपे नाही. नवे इंजिन आणि जुनी गिअरपेटी यांची भोके जुळत नाहीत. मधे जाड धातूची चकती कातून बसवावी लागते, आणि दोहोंचे मध्य केसभरही चुकले तर क्लच लवकर खराब होतो. इंजिनाच्या बैठका नव्याने जोडाव्या लागतात. वजन वाढले तर पुढच्या स्प्रिंगांचाही विचार करावा लागतो. शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे अशा फेरबदलाला नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते. ही अट कोणी कटकट समजू नये. दरीच्या कडेने जाणाऱ्या गाडीत आपलीच मुलेबाळे बसलेली असतात.

जुन्या गाड्यांचे संग्राहक म्हणतील, मूळ इंजिन गेले म्हणजे गाडीचे मोल गेले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. मूळ इंजिनाचा आवाज एकदा गेला की गेला. परंतु संग्राहकाची गाडी छपराखाली उभी राहू शकते. मानेभंज्यांगच्या चालकाची गाडी उभी राहिली, तर त्याची चूल थंडावते. त्याने काळीज बदलले ते देह जगावा म्हणून, आणि देह जगवला तो घर चालावे म्हणून.

आता या रस्त्याचा बराचसा भाग सिमेंटचा झाला आहे आणि नव्या गाड्याही वर जातात. जुन्या गाडीची खरी कसोटी आता आहे. रस्ता सुधारावा, हे तेथील गावकऱ्यांच्या हिताचेच. पण ज्या दिवशी जुन्या गाडीला कमाई उरणार नाही, त्या दिवशी तिच्याबरोबर चकती कातणारा, जेट बदलणारा हातही विसावेल. ती विद्या केवळ पुस्तकातून मिळत नाही. ती कामातूनच एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

म्हणून वाचकहो, तेथे गेलात आणि अशी गाडी मिळाली, तर तिच्यातून वर जा. अंगाला हिसके बसतील, वेळ अधिक लागेल. वाटेत कालीपोखरीला गाडी थांबली म्हणजे चालकाला बॉनेट उघडून दाखवायला सांगा, आणि इंजिन कोणते व ते कोणी बसवले, एवढे आस्थेने विचारा.