मामांची पंचवीस काडतुसं

इचलकरंजीच्या पुलाजवळ पंचगंगा 68 फुटांवर गेली की इशारा आणि 71 फुटांवर गेली की धोका, हे नदीवेस नाक्यावरच्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावरचे आकडे वेगळे: 39 आणि 43. इथली माणसं दोन्हीकडं डोळा ठेवून असतात, कारण कोल्हापुरात चढलेलं पाणी इथं पोचायला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात घर हलवायचं असतं. यंत्रमागवाला आधी मागाच्या मोटारी खोलतो, मग सुताची बिमं वर चढवतो. ज्याच्या दारात जनावरं आहेत तो दावी सोडतो. बायका कागदपत्रांची पिशवी, दागिने, शेगडी आणि सिलिंडर बाजूला काढतात. आमच्या गल्लीतल्या हवालदारमामांच्या यादीत मात्र आणखी एक वस्तू असते. काडतुसांचा डबा.

मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गावी परतल्यावर एका बँकेत बंदूकधारी रखवालदार म्हणून लागले. असल्या नोकरीत बंदूक बऱ्याचदा माणसाची स्वतःची असते, परवानाही त्याच्याच नावावर. मामांकडं बारा बोअरची दुनळी आहे. नोकरी सुटली तरी परवाना त्यांनी वेळच्या वेळी नूतनीकरण करून चालू ठेवला. बंदुकीसोबत काडतुसं आली. परवान्यावर दोन आकडे असतात, एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवता येतील आणि वर्षभरात किती विकत घेता येतील. दुकानदार विकताना परवान्यावर तारीख, नग आणि सही घालतो. त्यामुळं मामांच्या घरात किती काडतुसं आहेत हे सरकारी कागदावर लिहिलेलं आहे, आणि पुरात त्यातलं एक जरी वाहून गेलं तरी त्याचा जबाब मामांनाच द्यायचा आहे.

जुलै 2021 मध्ये सलग पाऊस लागला. कोल्हापुरात पंचगंगेनं 56 फुटांचा आकडा ओलांडला आणि 2019 चा महापूरही मागं टाकला. खाली नृसिंहवाडीला कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा इचलकरंजीपर्यंत येतो. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरचा रस्ता तुटला. नदीवेस, गावभागातला खालचा भाग, जुना चंदूर रोड इथली घरं हलवायला सुरुवात झाली. कोरोनाचे दिवस होते, त्यामुळं नगरपालिकेच्या रिक्षावरचा भोंगा एकाच दमात घर सोडायला आणि मास्क लावायला सांगत होता. 23 जुलैला गल्लीच्या तोंडाशी पाणी लागलं. टेम्पो माझा होता, म्हणून गल्लीचं सामान हलवायचं काम माझ्याकडं.

मी मामांच्या दारात गेलो तेव्हा सोप्यावर सतरंजी अंथरून ते दुनळी सुटी करत बसले होते. या बंदुकीचे तीन भाग होतात: दोन नळ्यांचा जोड, दस्ता, आणि नळीखालचा लाकडी तुकडा. तिन्ही सुटे केले की ती बार काढायच्या कामाची राहत नाही आणि लांबीही निम्मी होते. भाग तेलाच्या फडक्यात गुंडाळून त्यांनी कापडी खोळीत घातले. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणं सार्वजनिक ठिकाणी बंदूक नेताना ती पूर्ण झाकलेली आणि नेणाऱ्याच्या ताब्यात असावी लागते. मामांना नियम तोंडपाठ होता असं नाही. पण पुरात लोक आधीच बिथरलेले, त्यात खांद्यावर उघडी बंदूक घेऊन कुणी चाललेला दिसला तर काय बोभाटा होईल हे त्यांना कळत होतं.

मग त्यांनी डबा पुढं ओढला. घट्ट झाकणाचा, रबरी कडा असलेला साधा प्लॅस्टिकचा डबा. आत काडतुसं पितळी बूड खाली करून उभी लावलेली, मोकळ्या जागेत कापसाच्या घड्या कोंबलेल्या, म्हणजे हिंदकळून एकमेकांवर आपटू नयेत. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीवर बॉलपेननं छर्ऱ्यांच्या प्रकारानुसार लिहिलं होतं: एल.जी. 10, चार नंबर 15. त्यांनी बोटानं एकेकाला स्पर्श करत दोनदा मोजलं, चिठ्ठीवर त्या दिवसाची तारीख टाकली आणि मलाही मोजायला लावलं.

“मामा, पाणी दारात आलंय,” मी म्हटलं.

“मोजल्याबिगर हलायचं न्हाई. पलटणीत फायरिंग झाल्यावर रिकामी टरफलंसुद्धा मोजून जमा करायला लागायची. खिशात काय ऱ्हायलं न्हाई म्हणून तोंडानं सांगायला लागायचं.”

बारा बोअरचं एक काडतूस साधारण 40 ते 50 ग्रॅमचं. पंचवीस म्हणजे किलो-सव्वा किलो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पाठीवर औषधं, कागद, बॅटरी, कपड्यांचा जोड आणि एका हातात मामींचा हात असताना तो सव्वा किलो जाणवतो. मामांनी नोकरीच्या काळात एस.एल.आर. रायफलही वागवली आणि नंतर आलेली इन्सासही. एस.एल.आर.ची गोळी अंदाजे 24 ग्रॅमची, इन्सासची जवळपास निम्मी. म्हणजे शंभर गोळ्यांमागं किलोभराहून जास्त फरक पडतो, आणि चढावर तो गुडघ्यांना कळतो. सैन्यात दारूगोळ्याच्या या ओझ्याची वाटणीच ठरलेली असते. पहिल्या फळीचा साठा जवानाच्या अंगावर आणि तुकडीजवळ, त्यामागचा साठा गाड्यांवर. गाडी अडकली तरी अंगावरचं अंगावर राहतं. मामा घर सोडतानाही तसाच विचार करत होते: टेम्पो पोचेल की नाही सांगता येत नाही, डबा माझ्याजवळ राहणार.

घरापासून डांबरी सडकेपर्यंत पाणी गुडघ्याला लागत होतं. डबा त्यांनी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड सुतळीनं बांधलं आणि झोळीत टाकून छातीशी घट्ट धरला. पाठीवर टाकला असता तर मागून कुणी हात घातला तरी कळलं नसतं. बंदुकीची खोळ दुसऱ्या खांद्यावर. दोन्ही वस्तू एका पिशवीत घालायच्या नाहीत हा त्यांचा शिरस्ता: एक हरवली किंवा कुणाच्या हाती लागली तरी दुसरीशिवाय तिचा उपयोग होत नाही.

तेवढ्यात त्यांचा पुतण्या मोटारसायकल घेऊन आला. “काका, द्या तो डबा, मी पुढं जाऊन आत्याकडं ठेवतो.” मामांनी दिला नाही. पोरगा जरा फुगला. पण कायदा मामांच्या बाजूचा होता. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणं परवाना नसलेला माणूस दुसऱ्याची बंदूक किंवा काडतुसं नेऊ शकतो ते ठरावीक कारणांसाठीच, म्हणजे दुरुस्ती, परवान्याचं नूतनीकरण किंवा परवानाधारकाचा स्वतःचा वापर. तेही परवानाधारक सोबत असताना, नाहीतर त्याच्या लेखी अधिकारपत्रावर. पुतण्यानं एकट्यानं डबा आत्याच्या घरी नेऊन ठेवणं यात कुठंच बसत नव्हतं. वाटेत नाकाबंदीत झडती झाली असती तर पोराची नोकरी गेली असती.

टेम्पोत आणखी तीन घरांचं सामान होतं. दोन सिलिंडर, डिझेलचा कॅन, गाद्या, एक शिलाई मशीन, वर बसलेली पोरं. मामांनी मागं एक नजर टाकली आणि केबिनमध्ये येऊन बसले. डबा दोन्ही पायांच्या मध्ये, खाली. मी विचारलं, मागं ठेवला असता तर उडाला असता काय? त्यांचं म्हणणं, उडण्याची भीती लोकांना असते तेवढी नसते. ते खरंही आहे. काडतूस नळीत असतं तेव्हा दारूचा सगळा जोर एका दिशेला जातो. नळीबाहेर, नुसत्या आगीत सापडलं तर टरफल फाटतं, तुकडे उडतात, जवळच्याला इजा होऊ शकते, पण बंदुकीतून सुटल्यासारखे छर्रे जात नाहीत. म्हणूनच नीट बांधलेली छोट्या शस्त्रांची काडतुसं संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या वर्गवारीत स्फोटकांच्या सौम्य गटात, 1.4 एस मध्ये, बसतात. विमानातसुद्धा आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणं, कंपनीची परवानगी असेल तर, प्रवाशाला स्वतःच्या वापरापुरती पाच किलोपर्यंत काडतुसं सामानाच्या कप्प्यातून नेता येतात, हातातल्या पिशवीतून नाही.

मोठ्या दारूगोळ्याची गोष्ट वेगळी, आणि महाराष्ट्रानं ती पाहिली आहे. 31 मे 2016 च्या पहाटे वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. रणगाडाविरोधी सुरुंगांचा स्फोट होऊन जवान, अधिकारी आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी मृत्युमुखी पडले आणि आसपासच्या गावांतल्या लोकांना रातोरात घरं सोडावी लागली. तिथं दारूगोळा जागेवर ठेवून माणसं हलवावी लागली. मामांचं आणि त्या घटनेचं नातं एवढंच की तेव्हापासून गल्लीत कुणी “तुमच्या डब्याचं काय?” असं विचारलं की ते पुलगावचं नाव काढून फरक समजावून सांगतात.

त्यांची खरी काळजी ओलीची होती. “बंदूक लोखंड हाय, पुसली की झाली. काडतूस भिजलं की गेलं.” हल्लीच्या प्लॅस्टिक टरफलाच्या काडतुसाला थोडं पाणी सोसतं, पण तोंडाच्या घडीतून आणि बुडाच्या कॅपपाशी ओल शिरते. मग बार उडतच नाही, किंवा घोडा दाबल्यावर क्षणभरानं उडतो. बंदूक उघडून बघायला वाकलेल्या माणसाला तो क्षण महाग पडतो. कागदी टरफलाची जुनी काडतुसं तर फुगून नळीत अडकतात. 2019 चा पूर ओसरल्यावर गावभागातल्या एका जुन्या घरात गाळ काढताना आजोबांच्या ट्रंकेत अशी कागदी काडतुसं सापडली होती, पावासारखी फुगलेली. आजोबा वारले होते, परवाना त्यांच्याबरोबरच संपलेला. घरच्यांनी ती पत्र्यावर उन्हात वाळत घातली होती. मामांनी जाऊन आधी ती सावलीत आणवली, मग थोरल्या मुलाला पोलीस ठाण्यात वर्दी द्यायला लावली. परवानाधारक गेल्यावर त्याची शस्त्रं आणि काडतुसं विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडं जमा करावी लागतात, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमचा टेम्पो शाळेकडं निघाला होता. पूरग्रस्तांची सोय पालिकेच्या शाळांतून केली होती, एकेका वर्गात चार-चार कुटुंबं. मामांनी मधेच थांबायला सांगितलं. जिथं रात्रभर पोरं सामानावर उड्या मारणार, कुलपाचं कपाट नाही, तिथं डबा न्यायचा नव्हता. एरवी त्यांनी कोल्हापुरातल्या शस्त्रविक्रेत्याकडं ठेव म्हणून ठेवला असता, पण रस्ताच बंद. म्हणून पोलीस ठाणं. निवडणूक आली की मामा बंदूक तिथंच जमा करतात, त्यामुळं पद्धत माहितीची. हवालदारानं बंदुकीचा नंबर परवान्याशी ताडून पाहिला, काडतुसं प्रकारवार मोजली आणि पावती दिली. पावती मामांनी आधार कार्डासोबत प्लॅस्टिकच्या पाकिटात घातली आणि मग शाळेत मामींशेजारी पथारी टाकली.

गल्लीतल्या काहींना हा सगळा खटाटोप वाटला. 8 ऑगस्ट 2019 ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली आणि अनेकजण बुडाले, ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होतं. बचावाची बोट आली की पथकातले जवान सामान खाली ठेवायला सांगतात, जीव आधी. मामांनाही ते मान्य होतं. बोटीची वेळ आली असती तर त्यांनी डबा घरात वरच्या फळीवर कुलपात ठेवला असता आणि पोचल्या पोचल्या ठाण्यात लेखी कळवलं असतं. पण नदीवेसला पाणी पाय न वाजवता येत नाही, आकडे दर तासाला कळतात. पायी निघायला वेळ असतो. तो वेळ वापरायचा, एवढंच ते म्हणत होते.

पाणी ओसरल्यावर पावती दाखवून मामांनी सामान परत घेतलं. ठाण्याच्या टेबलावर पुन्हा मोजणी: दहा आणि पंधरा. त्यातल्या जुन्या चार नंबरच्या काही काडतुसांच्या बुडाला हिरवट कीट चढलं होतं, पुरामुळं नव्हे, वयामुळं. रस्ता सुरू झाल्यावर ती त्यांनी दुकानदाराकडं देऊन परवान्यावर तशी नोंद करून घेतली.

आता मामांनी सत्तरी गाठली आहे. 2016 च्या नियमांप्रमाणं सत्तर वर्षं झाली किंवा शस्त्र पंचवीस वर्षं जवळ असलं की परवानाधारकाला हयातीतच वारसाच्या नावानं परवाना मागता येतो. त्यांचा मुलगा सुताच्या सायझिंगमध्ये कामाला आहे. त्यानं जिल्हाधिकारी कार्यालयाकडं अर्ज केला आहे, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षणही घेतलं आहे. शस्त्र आणि काडतुसं कुठं सुरक्षित ठेवणार याची हमी अर्जासोबत द्यावी लागते. मुलानं नदीवेसच्या घराचा पत्ता लिहिला होता. मामांनी तो खोडायला लावला आणि शहापुरात उंचावर घेतलेल्या भाड्याच्या खोलीचा पत्ता घातला, भिंतीत बसवलेल्या लोखंडी कपाटासकट.